प्राचीन ग्रीसमधले बालपण: आपल्यापर्यंत कोणाचा आवाज पोहोचला?

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

अथेन्सच्या प्राचीन बाजारपेठेत, म्हणजे अगोरात, अ‍ॅटॅलसच्या स्तंभगृहात एक वस्तुसंग्रहालय आहे. तिथल्या एका कपाटात भाजलेल्या मातीचे एक विचित्र आकाराचे पात्र ठेवलेले आहे. खाली पोकळ बैठक, वर खोलगट भाग आणि त्याला समोरून लहान मुलाचे पाय बाहेर निघतील एवढे भोक. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभीचे हे तान्ह्या मुलाचे शौचासन आहे, हे मला शेजारचा फलक वाचल्यावरच कळले. त्याचा वापर कसा होत असे याचा उलगडा चित्रावरून होतो, कारण ब्रसेल्सच्या संग्रहालयात असलेल्या एका अथेनियन प्याल्यावर अशाच आसनात बसवलेले मूल समोरच्या बाईकडे पाहून हात पसरताना रंगवलेले आहे. प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटल यांनी मुले कशी वाढवावीत यावर पानेच्या पाने लिहिली. या आसनाचा विषय मात्र त्यांच्या कामाचा नव्हता.

तेव्हापासून मी या विषयावर जे वाचत आले त्यातून एक गोष्ट ठळकपणे जाणवली. प्राचीन ग्रीक मुलांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते जवळजवळ सगळे प्रौढ, नागरिक आणि पुरुष असलेल्यांनी लिहून ठेवलेले आहे. मूल त्यांच्या लेखनात साधारण दोन प्रसंगी येते. एक तर ते एखाद्या उंबरठ्यावरून पलीकडे नेले जात असते, म्हणजे एखादा संस्कार चालू असतो. नाहीतर त्याच्यावर काही संकट कोसळलेले असते. मधल्या रोजच्या दिवसांविषयी लेखक गप्प राहतात.

उंबरठे पुष्कळ होते. अथेन्समध्ये मुलगा झाला तर दारावर ऑलिव्हच्या पानांची माळ आणि मुलगी झाली तर लोकर लावत. पाचव्या किंवा सातव्या दिवशी बाळाला घेऊन घरातल्या अग्निकुंडाभोवती धावण्याचा विधी होई. त्याचे नावच ‘भोवती धावणे’ अशा अर्थाचे आहे. प्लेटोच्या ‘थिएटेटस’ या संवादात सॉक्रेटिस या विधीचा दाखला देतो तो असा, की तुझा हा नवा विचार जन्माला आला आहे, आता त्याला घेऊन धावू आणि तो वाढवण्याच्या लायकीचा आहे की नाही ते पाहू. दाखला गमतीने दिलेला असला तरी त्यातला अर्थ अंगावर काटा आणणारा आहे: जन्माला येणे आणि घरात स्वीकारले जाणे या ग्रीकांच्या लेखी दोन वेगळ्या घटना होत्या. दहाव्या दिवशी नाव ठेवले जाई आणि थोरल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचे नाव मिळे. (आपल्याकडेही आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची पद्धत आहेच, मात्र त्यावरून दोन्ही समाजांची कुळे एक असल्याचा शोध कृपया कोणी लावू नये.) तिसऱ्या वर्षी वसंताच्या सुमारास येणाऱ्या अँथेस्टेरिया या सणात मुलांना फुलांचे मुकुट घालत. या सणाशी जोडलेल्या शेकडो इवल्या सुरया सापडल्या आहेत. त्यांच्यावर रांगणारी गुटगुटीत मुले, त्यांच्या अंगावर तिरकी बांधलेली ताईतांची माळ, चाकांची गाडी आणि कुत्री रंगवलेली आहेत. या सुरयांपैकी कित्येक लहान मुलांच्या थडग्यांतून मिळाल्या. तिसरे वर्ष पाहण्याआधीच जी मुले गेली त्यांच्यासोबत ती सुरई ठेवली जात असावी, असे काही अभ्यासक मानतात.

मुलगे सातव्या वर्षाच्या आसपास शाळेत जाऊ लागत. अथेन्सचा कायदेकर्ता आणि कवी सोलोन याच्या एका कवितेत माणसाच्या आयुष्याचे सात-सात वर्षांचे टप्पे मोजलेले आहेत आणि पहिला टप्पा दुधाचे दात पडण्यापाशी संपतो. शाळा खाजगी असत आणि फी पालक भरत, त्यामुळे गरिबाचा मुलगा थोड्याच वर्षांत बापाच्या हाताखाली कामाला लागे. अक्षरे शिकवणारा एक, वीणेसारखे वाद्य शिकवणारा दुसरा आणि व्यायाम करून घेणारा तिसरा, असे तीन गुरू असत. मुलाला घरून शाळेत नेणारा आणि परत आणणारा मात्र घरातला गुलाम असे. ‘पेडागॉजी’ हा आज विद्यापीठांत मोठ्या रुबाबात वावरणारा शब्द या गुलामाच्या कामावरून आला आहे. इ.स.पू. ४८०च्या थोडे आधी डूरिस नावाच्या चित्रकाराने रंगवलेला आणि आता बर्लिनमध्ये असलेला एक प्याला या शाळेचे चित्र दाखवतो: गुरू गुंडाळी उघडून बसला आहे, मुलगा अंगावर वस्त्र घट्ट लपेटून उभा आहे आणि मागे काठी टेकून बसलेला माणूस हे सगळे पाहतो आहे. शाळा सूर्योदयापूर्वी उघडू नयेत आणि सूर्यास्तापूर्वी बंद व्हाव्यात, असा कायदा अथेन्समध्ये होता असे एस्किनीस या वक्त्याने न्यायालयात सांगितले. कायदा करणाऱ्याचा शिक्षकांवर फारसा विश्वास नव्हता, असेही तो सांगतो.

आता संकटांकडे येते. ग्रीक शाळेचे सर्वांत जुने उल्लेख शोधू लागले तेव्हा मी चरकले, कारण त्यातले तीन उल्लेख मुलांच्या मृत्यूचे आहेत. इतिहासकार हिरोडोटस सांगतो की इ.स.पू. ४९४च्या सुमारास खिऑस बेटावर अक्षरे गिरवणाऱ्या मुलांवर शाळेचे छप्पर कोसळले आणि १२० मुलांपैकी एकच वाचला. प्रवासवर्णनकार पाउसानियास सांगतो की त्याच काळात अ‍ॅस्टिपालिया बेटावर क्लिओमिडीस या मुष्टियोद्ध्याने ऑलिंपियातला विजय हिरावला गेल्यावर वेडाच्या भरात शाळेचा खांब उपटला आणि ६० मुले गाडली गेली. इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो की इ.स.पू. ४१३ मध्ये थ्रेसच्या भाडोत्री सैनिकांनी मिकालेसस या लहानशा गावात घुसून तिथल्या सर्वांत मोठ्या शाळेतल्या, नुकत्याच आत गेलेल्या सगळ्या मुलांची कत्तल केली. या नोंदींतून आपल्याला कळते ते एवढेच, की इतक्या लहान गावातही एकाहून अधिक शाळा होत्या आणि एका बेटावर १२० मुले एकाच छपराखाली शिकत होती. शाळा कोसळली म्हणून तिची नोंद झाली. ज्या शाळा धडपणे उभ्या राहिल्या त्यांच्याविषयी इतिहासकारांना लिहावेसे वाटले नाही.

माझा प्रश्न असा आहे: ज्यात मूल स्वतः बोलते आहे, असा एखादा पुरावा आपल्यापैकी कोणाच्या वाचनात आला आहे का?

सारीपाट

लेख आवडला. आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही, परंतु खेळांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. मेंढ्या-बकऱ्यांच्या घोट्यातली हाडे हे ग्रीक मुलांचे सर्वांत आवडते खेळणे होते आणि ती मुलांच्या थडग्यांत ढिगाने सापडतात. पोलक्स या कोशकाराने ‘पाच खडे’ अशा नावाच्या एका खेळाचे वर्णन केले आहे: पाच खडे किंवा हाडे वर उडवायची, तळहात उलटा करून मागच्या बाजूवर झेलायची आणि जी खाली पडतील ती, हातावरची न सांडता, बोटांनी उचलायची. हा खेळ विशेषकरून बायकांचा असल्याचेही तो नोंदवतो. माझ्या आजीच्या सागरगोट्यांचे वर्णन मला याहून नेमके करता येणार नाही. कुळे एक असल्याचा दावा मी करत नाही, धागाकर्तींनी निश्चिंत असावे!

अ‍ॅरिस्टॉटलला रोजच्या दिवसांचे वावडे होते असे मात्र म्हणता येणार नाही. ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात त्याने टॅरेंटमच्या आर्किटसने शोधलेल्या खुळखुळ्याचे कौतुक केले आहे, कारण लहान जिवाला स्वस्थ बसवत नाही आणि खुळखुळा हातात दिला की घरातल्या वस्तू फुटत नाहीत. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या घरात काहीतरी नक्की फुटलेले असणार.

जुनाबुरूज

स्पार्टाचा उल्लेख कसा नाही? अशक्त मुले डोंगरावरून फेकून देत, हे तर आम्ही शाळेपासून ऐकत आलो आहोत. सातव्या वर्षी मुलाला घरातून काढून टोळीत घालणे, वर्षभर एकच वस्त्र, अनवाणी चालणे, युरोटस नदीकाठचे लव्हाळे हातांनी मोडून केलेले अंथरूण आणि पोटापुरते न मिळाल्यामुळे करावी लागणारी चोरी, हे सगळे ग्रीक बालपणच होते ना?

पाटीपेन्सिल

होते, आणि मी ते मुद्दाम बाजूला ठेवले, कारण स्पार्टाच्या बाबतीत माझी तक्रार अधिकच तीव्र होते. अथेन्सविषयी निदान अथेन्सचेच लोक बोलतात. स्पार्टाविषयी बोलणारे जवळजवळ सगळे बाहेरचे आहेत. झेनोफन हा अथेन्सचा लेखक तिथल्या शिस्तीचा भक्त होता. डोंगराची गोष्ट सांगणारा चरित्रकार प्लुटार्क तर इ.स. १००च्या आसपास लिहीत होता, म्हणजे ज्या स्पार्टाचे तो वर्णन करतो ती लयाला जाऊन शतके लोटली होती. वडीलधाऱ्यांची समिती नवजात बालकाची तपासणी करून अशक्त मूल टायगेटस पर्वताजवळच्या एका कड्यापाशी पाठवी, हे त्याच्याखेरीज कोणी स्पष्टपणे सांगत नाही.

गंमत अशी की याच प्लुटार्कने अ‍ॅजेसिलाउस या स्पार्टाच्या राजाचेही चरित्र लिहिले आहे. हा राजा एका पायाने अधू होता. तो मुळात गादीचा वारस नसल्यामुळे इतर मुलांसारखाच त्या कठोर शिक्षणातून गेला आणि पुढे सुमारे चाळीस वर्षे राज्य करून गेला. त्याच चरित्रात आणखी एक प्रसंग आहे: मुले लहान असताना हा राजा काठीचा घोडा करून त्यांच्याबरोबर घरात खेळत असे, आणि एका मित्राने ते पाहिले तेव्हा ‘तू स्वतः बाप होईपर्यंत हे कोणाला सांगू नकोस’ असे त्याने मित्राला विनवले. चाबकाच्या आणि चोरलेले कोल्ह्याचे पिल्लू वस्त्राखाली लपवणाऱ्या मुलाच्या गोष्टी सर्वतोमुखी झाल्या. काठीचा घोडा मात्र मागे पडला.

हाडवैद्य

कड्याच्या मुद्द्याला पुरवणी. पुढच्या काळात लोक ज्या दरीशी ही गोष्ट जोडू लागले, त्या कायाडस नावाच्या कपारीतल्या हाडांचा ग्रीक मानववंशशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा तिथे मुख्यतः प्रौढांची हाडे मिळाली, नवजात अर्भकांची मिळाली नाहीत. यावरून स्पार्टामध्ये कोणी मूल टाकत नव्हते असे सिद्ध होत नाही, कारण ग्रीक जगात नकोसे मूल उघड्यावर सोडून देण्याची प्रथा होती आणि बहुतेक ठिकाणी कायद्याने ती बंद केलेली नव्हती. तिचे प्रमाण किती होते याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ वाद चालू आहे.

खरा धक्का अथेन्समध्येच आहे, आणि तोही आपण पाहून आलात त्याच अगोरात. १९३०च्या दशकात तिथे एक विहीर उपसली गेली. तिच्यात इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या सुमारे ४५० अर्भकांची हाडे होती आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांचीही होती. आधी कोणी रोगाची साथ म्हटले, कोणी बालहत्या म्हटले. २०१८ मध्ये मारिया लिस्टन, सुसान रॉट्रॉफ आणि लिन स्नायडर या अभ्यासिकांनी सगळी सामग्री पुन्हा तपासून प्रसिद्ध केली, तेव्हा चित्र पुष्कळ बदलले. बहुतेक बाळे जन्मतः किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत नैसर्गिक कारणांनी दगावलेली होती आणि अनेकांच्या हाडांवर जंतुसंसर्गाच्या खुणा होत्या. निर्जंतुक न केलेल्या पात्याने नाळ कापली की काय होते, हे आमच्या पेशातल्या जुन्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. आपण वर लिहिलेला दहावा दिवस इथे लागू पडतो. ज्या बाळांचे नाव ठेवले गेले नव्हते त्यांना थडगे मिळाले नाही, आणि सुइणींनी त्यांची व्यवस्था या विहिरीत केली असावी.

दुसरे उदाहरण मिर्टिसचे. १९९४-९५ मध्ये मेट्रोच्या खोदकामात केरामेइकोस या दफनभूमीजवळ इ.स.पू. ४३०च्या महामारीतल्या सुमारे १५० जणांना घाईघाईने पुरलेला खड्डा सापडला. त्यातल्या ११ वर्षांच्या एका मुलीच्या कवटीवरून तिचा चेहरा घडवण्यात आला आणि मिर्टिस हे नाव संशोधकांनीच तिला दिले. तिचे काही दुधाचे दात पडलेच नव्हते, त्यामुळे कायमचे दात वेडेवाकडे अडकून पडले होते. अकराव्या वर्षी ती हसताना ओठ मिटून घेत असेल का, हा विचार मी टाळू शकलो नाही.

अबोली

या धाग्यावर आतापर्यंत मुलींना खेळ मिळाला, विहीर मिळाली आणि साथ मिळाली; त्यांच्या उंबरठ्यांविषयी कोणी काही बोलले नाही. अ‍ॅरिस्टोफनीसच्या ‘लिसिस्ट्राटा’ या इ.स.पू. ४११च्या नाटकात बायकांचे वृंद स्वतःच्या लहानपणाचा हिशेब सांगते: सातव्या वर्षी अथीनेच्या सेवेत पवित्र वस्तू वाहिल्या, दहाव्या वर्षी देवीसाठी धान्य दळले, केशरी वस्त्र ल्यायलेली ‘अस्वल’ झाले आणि पुढे मिरवणुकीत टोपली डोक्यावर घेतली. हे मान सगळ्या मुलींच्या वाट्याला येत नसत, थोरामोठ्यांच्या घरचेच ते होते. यातले ‘अस्वल’ होणे म्हणजे अ‍ॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सभोवतालच्या प्रदेशाच्या, पूर्व किनाऱ्यावरच्या ब्राउरॉन इथे आर्टेमिस देवीच्या आवारात जाऊन केलेली सेवा. तिथल्या उत्खननात लहान मुलींचे संगमरवरी पुतळे निघाले. कोणाच्या हातात पक्षी आहे, कोणाच्या हातात ससा. छोट्या विधिपात्रांवर धावणाऱ्या मुलीही रंगवलेल्या आहेत. लग्नाआधी बाहुल्या, चेंडू आणि केसांची जाळी आर्टेमिसला वाहून टाकायची असे. झेनोफनच्या ‘इकॉनॉमिकस’मधला इस्खोमाखस सांगतो, की माझी बायको घरी आली तेव्हा तिला पंधरावे वर्षही पुरे झाले नव्हते आणि तोवर तिने कमीत कमी पाहावे, ऐकावे आणि बोलावे याची दक्षता घेतली गेली होती. बाहुली देवीपुढे ठेवल्यावर किती दिवसांनी तिच्याकडे कोठाराच्या किल्ल्या येत असतील?

आणि जी त्याआधीच गेली, तिची कथा फ्रासिक्लेयाच्या पुतळ्याखाली कोरलेली आहे. हा पुतळा १९७२ मध्ये मेरेंडा इथे जमिनीखालून निघाला आणि आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. लेखाचा आशय असा, की मला कायम कुमारीच म्हणतील, कारण लग्नाऐवजी देवांनी माझ्या वाट्याला हे नाव दिले. लेख ‘मी’ म्हणतो. पाटीपेन्सिल, आपल्या प्रश्नाचे हे उत्तर होऊ शकेल का?

पाटीपेन्सिल

अबोली, हे फार सुंदर उदाहरण आहे. तरीही तो ‘मी’ तिच्या आईवडिलांनी विकत घेतलेला आहे, असे मला वाटते. केरामेइकोसच्या संग्रहालयातली अँफारेटीची शिळाही अशीच बोलते. आजी मांडीवर नातवंड घेऊन बसली आहे, आणि लेख म्हणतो, की दोघे सूर्यप्रकाश पाहत होतो तेव्हा माझ्या लेकीच्या या लाडक्या मुलाला मी मांडीवर घेत असे, आणि आता मेलेल्या मी मेलेल्या त्याला घेऊन बसले आहे. शब्द आजीचे आहेत. मूल तिथेही काही बोलत नाही.

शिळाप्रेस

बोलणारे मूल हवे असेल तर थिऑन घ्या. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथल्या कागदपत्रांत त्याचे वडिलांना लिहिलेले ग्रीक पत्र निघाले आणि १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. मला आपल्याबरोबर शहरात नेले नाहीत, फार चांगले केलेत! अलेक्झांड्रियाला नेणार नसाल तर मी पत्र लिहिणार नाही, बोलणार नाही. आई म्हणते की हा मला वेड लावतो, याला घेऊन जा. भेट म्हणून काय पाठवलेत, तर शेंगा! बोलावून घेतले नाहीत तर जेवणार नाही, पाणी पिणार नाही, हं. पत्र अशुद्धलेखनाने भरलेले आहे, आणि म्हणूनच ते मुलाचे आहे याविषयी शंका उरत नाही.

जुनाबुरूज

पत्र अप्रतिम आहे, परंतु ते इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले, रोमन अमलाखालच्या इजिप्तमधले आहे. अथेन्सच्या अगोरापासून ते सहा-सात शतके दूर पडते. भाषा ग्रीक आहे एवढ्यावरून ते या धाग्यात बसवणे मला पटत नाही.

शिळाप्रेस

आक्षेप मान्य. मग अगोरातलेच एक पत्र सांगतो, जे मी मुद्दाम राखून ठेवले होते. ते शिशाच्या पातळ पत्र्यावर कोरलेले आहे, काळ इ.स.पू. चौथे शतक, आणि ते अगोरातल्या एका विहिरीत सापडले. डेव्हिड जॉर्डन यांनी २००० मध्ये ते वाचून प्रसिद्ध केले. लिहिणारा लेसिस हा धातू ओतण्याच्या भट्टीत कामाला ठेवलेला मुलगा आहे. पत्र झेनोक्लीस नावाच्या माणसाला आणि लेसिसच्या आईला लिहिलेले आहे. सुरुवात रीतीप्रमाणे तृतीयपुरुषात होते: लेसिस कळवतो की तो भट्टीत मरतो आहे याकडे दुर्लक्ष करू नका, त्याच्या मालकांकडे या आणि त्याच्यासाठी काहीतरी बरे पाहा. आणि पुढच्याच वाक्याला व्याकरण बदलते. मला एका दुष्ट माणसाच्या हवाली केले आहे, मी फटके खाऊन मरतो आहे, मला बांधून ठेवले आहे, मला मातीमोल करून टाकले आहे, आणि ते वाढतच चालले आहे.

लेसिस गुलाम होता की परदेशी रहिवाशाचा उमेदवारीला ठेवलेला मुलगा होता, यावर मतभेद आहेत. पत्र त्याने स्वतः कोरले की कोणाकडून लिहवून घेतले, यावरही आहेत.

पाटीपेन्सिल

शिळाप्रेस, मनापासून आभार. सोलोनचा एक कायदा प्लुटार्क सांगतो, की ज्या बापाने मुलाला काही हुन्नर शिकवला नाही त्याला म्हातारपणी मुलाकडून पोसून घेण्याचा हक्क नाही. हा कायदा मी आजवर कौतुकाने वाचत आले होते. भट्टीत उमेदवारीला घातलेला लेसिस त्याच कायद्याच्या दुसऱ्या टोकाला उभा असू शकतो, हे कधी सुचले नव्हते.

कोणी लिहून दिले याने मला फारसा फरक पडत नाही. सराईत लेखनिकाने ‘लेसिस’ हा शब्द शेवटपर्यंत तसाच सांभाळला असता. मध्येच ‘मी’ झाला, तो सांगणाऱ्यामुळे झाला.

सारीपाट

पत्र आईपर्यंत पोहोचले होते का?

शिळाप्रेस

ते विहिरीत सापडले, एवढेच सांगता येते.